मोडींतून घडलेली शर्यतीची मोटार

मोडींत निघालेल्या वस्तूचा भाव तिच्या वजनावर ठरतो. तांब्याचा हंडा असो, शिवणयंत्र असो किंवा मोटारगाडी असो; एकदां तिला मोडीच्या वखारीचा रस्ता दाखविला, कीं तिनें आयुष्यांत काय कामगिरी केली याला मोल उरत नाहीं. तिच्यांत लोखंड किती आणि पितळ किती, एवढाच हिशेब होतो. पण त्याच वखारींत एखादा मनुष्य असाहि येतो, कीं त्याला गंजलेल्या ढिगांत नुसतें लोखंड दिसत नाहीं. न झिजलेला दंतचक्रांचा संच, न वांकलेला आंस, टिचकी मारली तर अजून सुरेल वाजणारें एखादें चाक, असें कांहीं तरी त्याच्या नजरेस पडतें. अशा माणसांनीं मोडींतले अवयव जुळवून ज्या हलक्या व चपळ मोटारी उभ्या केल्या, त्यांना इंग्लंडांत 'स्पेशल' असें साधें नांव पडलें. त्या कशा बांधल्या जात, त्यांत विद्या कोणती आणि धोका कोणता, हें समजून घेण्यासारखें आहे.

या मोटारींची आद्य जननी म्हणजे ऑस्टिन सेव्हन. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडांतील बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला परवडण्यासारखें वाहन म्हणजे मोटारसायकल आणि तिला जोडलेली साइडकार. पावसांत भिजत, अंगावर चिखल उडवून घेत ही मंडळी प्रवास करीत. त्यांच्यासाठीं खरीखुरी, चार चाकांची, पण लहान मोटार करावी असें बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज येथील कारखानदार हर्बर्ट ऑस्टिन याच्या मनांत आलें. त्याची कंपनी त्या सुमारास आर्थिक संकटांत सांपडलेली होती आणि संचालकांना ही कल्पना पसंत नव्हती. तेव्हां त्यानें स्टॅन्ले एज नांवाच्या अठरा वर्षांच्या नकाशे काढणाऱ्या तरुणाला हाताशीं धरलें आणि स्वतःच्या घरांतील बिलियर्डच्या खोलींत गाडीचे आराखडे तयार करविले. १९२२ सालीं ती गाडी लोकांपुढें आली आणि १९३९ पर्यंत तशा सुमारें २,९०,००० गाड्या बाहेर पडल्या. जर्मनींत ती परवान्यानें 'डिक्सी' या नांवाखालीं तयार होत असे. तो कारखाना १९२८ सालीं बी. एम्. डब्ल्यू. कंपनीनें विकत घेतला. त्यामुळें त्या नामांकित कंपनीची पहिली मोटार ही या इंग्रज गाडीचीच सख्खी बहीण ठरली. पुढें जॅग्वार मोटारींमुळें गाजलेल्या विल्यम लायन्स यानेंहि १९२७ पासून याच गाडीवर देखणी बॉडी चढवून मोटारीच्या धंद्यांत पाऊल टाकलें होतें.

जी वस्तु लाखांनीं निपजते ती मोडींतहि हजारांनीं जाते. ऑस्टिन सेव्हनची रचना मुळांतच साधी होती. तिची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराची होती. पोलादाच्या दोन पट्ट्या पुढें नाकाशीं जुळत आणि मागें फांकत जात. पुढच्या आंसावर पाट्यांची एकच आडवी कमान आणि मागें दोन आंखूड कमानी, एवढ्यावर सारा भार. इंजिन चार सिलिंडरांचें व ७४७ घन सेंटिमीटरांचें असून नेहमींच्या गाडींत त्याची शक्ति दहा अश्वशक्तींच्या आसपास असे. संबंध गाडीचें वजन साडेतीनशें किलोच्या घरांत. इंजिन उतरवायचें तर दोन धडधाकट माणसें पुरत. एका सालचे पुष्कळसे भाग थोड्या खटपटीनें दुसऱ्या सालच्या गाडीला बसत. म्हणून एकीचा सांगाडा, दुसरीचें इंजिन आणि तिसरीचीं चाकें घेऊन चौथी गाडी उभी करणें, हें घरच्या हत्यारांनीं होण्यासारखें काम होतें.

तें करण्याची गरजहि तशीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांतील कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या मोटारी बव्हंशीं परदेशीं रवाना होत, कारण देशाला परकी चलनाची निकड होती. घरच्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. नव्या गाडीवर जबर विक्रीकर होता आणि पेट्रोलचें नियंत्रण १९५० पर्यंत उठलें नाहीं. मोटारींच्या शर्यती हा तर धनिकांचाच खेळ समजला जाई. अशा काळांत ज्या तरुणांच्या अंगीं हुन्नर होता पण खिशांत पैका नव्हता, त्यांच्या बाजूनें एक संस्था उभी होती. १९३९ सालीं स्थापन झालेल्या 'सेव्हन फिफ्टी' क्लबानें महायुद्धानंतर अशा शर्यती सुरू केल्या, कीं त्यांत ऑस्टिन सेव्हनचा सांगाडा आणि तिचेंच इंजिन असलें पाहिजे असा दंडक होता. पैशानें जिंकण्याची वाट त्यामुळें बरीचशी बंद झाली आणि बुद्धीची वाट उघडी राहिली.

या वाटेनें जे आले त्यांत कॉलिन चॅपमन हा एक होता. १९२८ सालीं जन्मलेला हा तरुण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत स्थापत्याचें शिक्षण घेत असतांना एका मित्राच्या भागींत जुन्या मोटारींची खरेदीविक्री करी. १९४७ सालाच्या अखेरीस सरकारनें खाजगी मोटारींचें पेट्रोल बंद केलें आणि जुन्या गाड्यांचा बाजार एकाएकीं कोसळला. हातांत राहिलेला माल नुकसानींत काढावा लागला. त्यांतली एक जुनी ऑस्टिन सेव्हन कांहीं केल्या विकली जाईना. दुसऱ्या कोणीं ती मोडींत दिली असती. चॅपमननें ती आपल्या भावी पत्नीच्या घरामागील एका गॅरेजांत नेली आणि उत्तर लंडनमधील मसवेल हिलच्या त्या लहानशा जागेंत १९४८ सालीं तिची उलगडा-उलगडी केली. तिचा मूळचा जीर्ण सांटा काढून टाकून त्यानें नवा बांधावयास घेतला.

येथें या विद्येचा पहिला धडा येतो. जुन्या गाडीला वेग द्यावयाचा म्हणजे आधीं मोठें इंजिन बसवावें, असें सामान्य माणसाला वाटतें. जाणता कारागीर आधीं सांगाड्याकडे पाहतो. रस्त्यावरून जातांना एक चाक खड्ड्यांत उतरतें व दुसरें उंचवट्यावर चढतें, तेव्हां सांगाड्याला पीळ बसतो. सांगाडा पिळवटला कीं चाकांचे कोन बदलतात. कमानी कितीहि चांगल्या असल्या तरी गाडी कोठें जाईल याचा भरंवसा राहत नाहीं. आगपेटीचें आंतलें खण दोन्ही टोकांना धरून पिळून पाहावें. तें सहज वेडेंवांकडें होतें. तेंच खण वरच्या वेष्टनांत सरकवून मग पिळावें. पुठ्ठा तोच, पण आतां तो दाद देत नाहीं. बंद पेटीच्या अंगचें बळ उघड्या पन्हळींत नसतें. ऑस्टिनच्या सांगाड्याच्या पट्ट्या पन्हळीसारख्या उघड्या होत्या. त्यांच्या उघड्या बाजूवर पत्रा सांधून त्यांची बंद नळी करणें, हा स्पेशल बांधणाऱ्यांचा पहिला संस्कार असे.

चॅपमननें हेंच तत्त्व बॉडीलाहि लावलें. विमानाच्या बांधणींत बाहेरचें कवच नुसतें झांकण नसतें, तें भारहि उचलतें. त्या धर्तीवर त्यानें अँल्युमिनिअमचा पातळ पत्रा चिकटविलेलें प्लायवुड घेतलें, गाडींत आडव्या भिंती उभ्या केल्या आणि बॉडी व सांगाडा मिळून एक ताठ पेटी तयार केली. वजन फारसें वाढलें नाहीं, पण पीळ खाण्याची खोड मोडली. ही गाडी सपाट शर्यतीसाठीं नव्हतीच. डोंगराच्या चिखलट चढणीवर कोण न थांबतां सर्वांत वर जातो, अशा त्या काळच्या लोकप्रिय कसोट्यांसाठीं ती होती. तेथें मागच्या चाकांनीं पकड धरावी म्हणून शेजारी बसलेला सोबती जागच्या जागीं उड्या मारून आपला भार त्या चाकांवर टाकी! अशा कसोट्यांत या गाडीनें आपल्या मालकाला पहिलें यश दिलें. नोंदणीच्या वेळीं तिला 'लोटस' असें नांव मिळालें. तें कां, हें त्यानें जगाला कधीं उघड सांगितलें नाहीं.

दुसरा धडा वजनाचा. इंजिनाची शक्ति वाढविण्याला पैसा लागतो. गाडीचें वजन कमी करण्याला विचार लागतो. शिवाय शक्ति वाढविली तर तिचा लाभ सरळ रस्त्यावर मिळतो; वजन कमी केलें तर गाडी वेग लौकर घेते, वळण सफाईनें काटते आणि थोड्या अंतरांत थांबते. टायर कमी झिजतात, पेट्रोल कमी जळतें. म्हणून स्पेशल बांधणारा प्रत्येक भाग हातांत घेऊन विचारतो, कीं हा येथें कशासाठीं आहे? एकच भाग दोन कामें करीत असेल तर दुसरा काढून टाकतां येतो. बसकेचा पत्राच सांगाड्याला ताठपणा देत असेल तर निराळ्या आधाराची जरुरी काय? मोडींतून आलेल्या माणसाला ही दृष्टि लौकर येते, कारण विकत घेऊन जोडण्याची त्याची ऐपतच नसते. जें आहे त्यांतून अधिक काम काढणें एवढाच मार्ग त्याला मोकळा असतो.

तिसरा धडा इंजिनाचा, आणि तो चॅपमनच्या १९५१ सालच्या तिसऱ्या गाडीनें उत्तम रीतीनें शिकविला. ऑस्टिनच्या इंजिनाला सिलिंडर चार, पण हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत घेण्याचीं दारें दोनच. शेजारच्या दोन सिलिंडरांना मिळून एक दार. दोन बिऱ्हाडांना एकच नळ असला म्हणजे जें होतें तेंच येथें होई. या इंजिनांत शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकापाठोपाठ श्वास घेतात. एकाचें घेणें पुरें होत नाहीं तोंच दुसऱ्याचें सुरू होतें, आणि दोघांनाहि पुरेसें मिळत नाहीं. चॅपमननें त्या प्रत्येक दारांत मधोमध पडदा घातला आणि मिश्रण आणणाऱ्या नळ्याहि त्याच बेतानें विभागल्या. प्रत्येक सिलिंडराला आपापली वाट मिळाली. इंजिन तेंच, नियमाचें अक्षर पाळलेलें, आणि शक्ति मात्र प्रतिस्पर्ध्यांपेक्षां कितीतरी अधिक. ती गाडी इतकी पुढें जाऊं लागली, कीं पुढें ही युक्ति चालणार नाहीं असा नियमच करावा लागला.

येथवरची हकीकत ऐकून कोणाही होतकरू तरुणाला हात शिवशिवल्यासारखे होतील. पण या विद्येची दुसरी बाजू सांगितल्यावांचून ती पुरी होत नाहीं. मोडींतला भाग बाहेरून कितीहि चांगला दिसो, त्याचें आयुष्य किती खर्ची पडलें आहे हें डोळ्यांना दिसत नाहीं. लोखंडी तार एकदां वांकविली तर तुटत नाहीं. तीच पुनःपुन्हां वांकविली तर अखेर एका वांकासरशी तुटते. धातु थकतो. आंसाच्या, स्टिअरिंगच्या दांड्यांच्या आणि क्रँकच्या पोटांत वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनीं केसाएवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि नव्या मालकाच्या हातीं त्या एके दिवशीं उघड होतात. ऑस्टिन सेव्हनच्या जुन्या इंजिनांत क्रँकचा दांडा दोनच बेअरिंगांवर तोललेला असे. साध्या गाडींत तें चालून जाई. पण शर्यतीच्या वेगानें फिरविला म्हणजे तो दांडा मध्यें लवूं लागे आणि केव्हां केव्हां तुटून इंजिनाची कवटी फोडून बाहेर येई.

म्हणून जुन्या कारागिरांनीं परीक्षेच्या साध्या पण पक्क्या रीति ठेवल्या आहेत. संशय असलेला भाग स्वच्छ करून रॉकेलांत बुडवून ठेवावयाचा. मग कोरडा पुसून त्यावर खडूचा पांढरा लेप द्यावयाचा आणि हलकेच ठोकावयाचें. भेग असेल तर तिच्यांत शिरलेलें रॉकेल पाझरतें आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. ती रेघ दिसली कीं तो भाग कितीहि दुर्मिळ असो, मोडींतच परत गेला पाहिजे. आज प्रयोगशाळांतून चुंबकाच्या व क्ष-किरणांच्या साह्यानें अधिक सूक्ष्म परीक्षा होते, आणि ज्याला ती करून घेतां येईल त्यानें ती अवश्य करून घ्यावी. तारांच्या चाकाची प्रत्येक तार टिचकी मारून ऐकावी; जी बद्द वाजेल ती सैल किंवा तुटकी समजावी. ब्रेकच्या तारा, ब्रेकचे अस्तर, टायर आणि रबराचे सर्व भाग हे मात्र जुन्यांतून कधींहि घेऊं नयेत. तेथें काटकसर करणारा मनुष्य पैसा वांचवीत नाहीं, पैजेला प्राण लावीत असतो.

ब्रेकचें गणित तर विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे गाडी थांबविण्याला लागणारें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. ताशीं ३० मैलांच्या वेगासाठीं केलेले, तारांनीं ओढले जाणारे ब्रेक तसेच ठेवून जो आपली स्पेशल ताशीं ६० मैलांनीं पळवितो, त्यानें चौपट काम जुन्याच नोकरावर लादलेलें असतें. या नोकराला तक्रार करतां येत नाहीं. तो फक्त एके दिवशीं कामावर येत नाहीं. हलकेपणालाहि अशीच मर्यादा आहे. चॅपमनच्या पुढील काळांतील शर्यतीच्या गाड्या अतिशय वेगवान ठरल्या, पण त्या फार नाजूक आहेत अशी टीकाहि त्यांच्यावर वारंवार झाली. अनावश्यक वजन काढणें ही कला आहे. पण कोणतें वजन आवश्यक आहे हें ओळखणें हें त्याहून मोठें ज्ञान आहे.

आणखी एक प्रश्न आज उभा राहिला आहे. १९४८ सालीं ऑस्टिन सेव्हन ही कवडीमोलाची जुनी गाडी होती. ती कापून स्पेशल करण्यांत कोणाचें कांहीं जात नव्हतें. आतां शंभर वर्षांच्या सुमारास वय असलेल्या या गाड्या जपून ठेवण्याच्या वस्तु झाल्या आहेत. धड असलेली मूळ गाडी मोडून तिची शर्यतीची गाडी करणें म्हणजे जुनें देऊळ पाडून त्याच्या दगडांनीं बंगला बांधण्यासारखें आहे. उलट जिच्या वाट्याला गंजच यावयाचा होता अशा विस्कळित अवयवांतून एक चालती गाडी उभी करणें, हें खरोखर पुण्याचें काम आहे. मग अशा गाडीला जुनी म्हणावें कीं नवी? ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्यानें यासाठीं अनेक वर्षें गुणांची एक पद्धत ठेवली होती. सांगाड्याला ५ गुण, कमानी, आंस, गिअरपेटी आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकीं २ आणि इंजिनाला अवघा १. मूळ सांगाड्यासह ८ गुण भरले तर गाडीनें आपली जुनी ओळख राखली असें मानीत. लोक ज्याला मोटारीचें हृदय समजतात त्या इंजिनाला सर्वांत कमी मान आणि कण्याला सर्वांत अधिक, हा निवाडा मोठा मार्मिक आहे.

मोडीच्या या शाळेंतून पुढें काय निघालें? चॅपमननें १९५२ सालीं लोटस ही कंपनी काढली. तिची सहावी गाडी तो सुट्या भागांच्या रूपानें विकी. गिऱ्हाइकानें इंजिन व इतर सामान कोठल्या तरी जुन्या गाडींतून मिळवावें आणि घरीं जुळणी करावी. पुऱ्या गाडीवरचा विक्रीकर सुट्या भागांवर पडत नसे, आणि त्यामुळें बेताच्या मिळकतीच्या माणसालाहि शर्यतीची गाडी परवडूं लागली. १९५७ सालीं आलेली 'लोटस सेव्हन' तर पुढें कितीतरी बांधणाऱ्यांचा कित्ता झाली. या कंपनीनें १९६३ ते १९७८ या काळांत फॉर्म्युला वन शर्यतींचें निर्मात्यांचें जगज्जेतेपद सात वेळां मिळविलें. जगाच्या दुसऱ्या टोंकाला न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें ब्रूस मॅक्लॅरेन नांवाच्या मुलाच्या वडिलांनीं खिळखिळी करून ठेवलेली एक ऑस्टिन सेव्हन घेतली. बापलेकांनीं ती जुळविली आणि १९५२ सालीं त्या मुलानें तिच्यांतून आपली पहिली स्पर्धा केली. त्याचें नांव धारण करणारा संघ आजहि शर्यतींत धांवतो आहे.

ज्या गाडीपासून चॅपमनच्या या सर्व खटाटोपाला आरंभ झाला ती पहिली लोटस मात्र १९५० सालीं विकली गेली आणि पुढें तिचा माग हरवला. कदाचित् ती ज्या वाटेनें आली त्याच वाटेनें परत गेली असेल. तिचा सांगाडा एका गाडींत, चाकें दुसरींत आणि इंजिन तिसरींत. मोडीचा धर्मच तो आहे. पण चिखलाच्या चढणीवर चढण्यासाठीं, टाकून दिलेल्या लोखंडांतून ती उभी राहिली, आणि तिच्या मालकानें तिला नांव दिलें तें कमळाचें. त्यानें कारण सांगितलें नसलें, तरी मराठी कानाला तें वेगळें सांगावें लागत नाहीं.